सांगली–कोयना–कास–महाबळेश्वर, चार दिवस, आणि घाटाला नारिंगी इशारा. काय बदलू?

भडंगवाली · मंगळवार, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. गणपती गेले, मुलांच्या चाचण्या आटोपल्या, नवऱ्याला कधी नव्हे ती सलग सुट्टी मिळाली. शुक्रवारी सकाळी सांगलीहून निघायचं आणि सोमवारी रात्री परत, असं ठरलंय. दोन आठवडे खपून केलेला बेत असा:

शुक्रवार: सांगली–आष्टा–पेठनाका–कऱ्हाड. प्रीतिसंगमावर जरा वेळ, मग पाटणवरून कोयनानगर. मुक्काम तिथेच.
शनिवार: परत उंब्रजला हायवेवर येऊन सातारा. ठोसेघर, चाळकेवाडीच्या पवनचक्क्या. मुक्काम सातारा.
रविवार: कास, बामणोली, मग मेढा–केळघर घाटाने महाबळेश्वर. तिथल्या खोल्यांचे पैसे भरलेत.
सोमवार: प्रतापगड, पाचगणी, वाई, घर.

गाडी सात सीटची. चालवणार मी, नवरा शेजारी बसून पायाने हवेत ब्रेक मारणार. मागे नऊ आणि तेरा वर्षांची दोन मुलं आणि ७२ वर्षांच्या सासूबाई. त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून पायऱ्या जवळपास नाहीतच असा बेत केला होता.

आज संध्याकाळी हवामान खात्याचा अंदाज पाहिला. साताऱ्याच्या घाट भागाला शुक्रवार-शनिवार नारिंगी, रविवारी पिवळा, सोमवारी काही नाही. मोबाइलवरचं अ‍ॅप मात्र कऱ्हाड, सातारा, महाबळेश्वर, सगळीकडे चारही दिवस तोच ढग आणि तेच ९० टक्के दाखवतंय. आता मी नेमकं कशावर विश्वास ठेवू? रद्द करू, पुढे ढकलू, की आहे तशी जाऊ?

---

छत्रीवाला · मंगळवार, रात्री १०.३१

रद्द करा. कांदाभजी घरीही होतात.

---

चिंब_भिजलेले · मंगळवार, रात्री १०.४०

नारिंगी म्हणजे काय आकाश कोसळत नाही हो. पावसात घाट बघण्यातच खरी मजा. आम्ही मागे जुलैत केळघरला धबधब्याखाली गाडी उभी करून भिजलो होतो. आयुष्यभराची आठवण. बिनधास्त जा.

---

पोवईनाका · मंगळवार, रात्री ११.०५

भडंगवालीताई, रद्दही नको आणि बिनधास्तही नको. मी साताऱ्यात जन्मलो, इथेच नोकरी केली, निवृत्तही इथेच झालो. जिल्ह्याबाहेरची माणसं चुकतात ती एकाच ठिकाणी: अंदाज जिल्ह्याचा असतो, पाऊस तालुक्याचा पडतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो आणि त्याच जिल्ह्यातल्या दहिवडीला पाचशेच्या आसपास. मधलं अंतर गाडीने तीन-साडेतीन तासांचं. सह्याद्रीच्या धारेवर ढग रिकामे होतात आणि पूर्वेला उरलासुरला पोचतो. म्हणून तर हल्ली हवामान खातं सातारा आणि सातारा घाट असे दोन वेगळे इशारे देतं. तुम्ही घाटाचा वाचलात ते बरोबर केलंत. आता खालची सातारा जिल्ह्याची ओळही वाचा.

टक्क्यांचं म्हणाल तर, ९० टक्के म्हणजे पाऊस येण्याची शक्यता ९० टक्के. तो किती पडेल हे त्यात नाही. दहिवडीला भुरभुर येऊन गेली तरी ते ९० टक्के खरे ठरले, आणि महाबळेश्वरला दीडशे मिलिमीटर झाला तरी खरेच ठरले. त्यामुळे टक्के सोडा, मिलिमीटर बघा. खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी म्हणजे मुसळधार, ११५.६ पासून २०४.४ पर्यंत अतिमुसळधार, त्यापुढे अत्यंत मुसळधार. सकाळी पेपरात किंवा बातम्यांत जो आकडा येतो तो आदल्या दिवशी साडेआठपासून आज साडेआठपर्यंतचा असतो. म्हणजे शनिवारच्या नावावर छापलेल्या पावसातला बराचसा शुक्रवारी पडलेला असू शकतो.

आता तुमचा बेत बघा. ज्या दोन दिवशी घाटाला नारिंगी आहे, त्याच दोन दिवशी तुम्ही कोयनानगर आणि ठोसेघर ठेवलंय. सोमवारी, जेव्हा उघडीप आहे, तेव्हा तुम्ही वाईच्या बाजारात आणि मग हायवेवर. ट्रिप उलटी फिरवा की! शुक्रवार-शनिवार पूर्वेला जा, रविवारी साताऱ्यात या, सोमवारी सकाळी कास.

---

भडंगवाली · मंगळवार, रात्री ११.२०

पोवईनाका काका, उलटी फिरवायचं डोक्यातच आलं नव्हतं! पण पूर्वेला काय आहे? म्हणजे, मुलांना दाखवण्यासारखं?

---

माणदेशी · बुधवार, सकाळी ६.४८

घ्या! म्हणं पूर्वेला काय हाय. ताई, सांगली जिल्ह्यात राहून तुमी असं म्हणावं?

हसण्यावारी घेतो, रागावू नका. पण आमच्या माण-खटावाकडं पावसाळ्यात कोण येत न्हाय आन् उन्हाळ्यात तर बातमीवालं सोडून कोणच न्हाय. खरं सांगतो, भाद्रपदात आमचा मुलूख बघावा. बाजरी कणसात आलेली असती, माळावर गवात हिरवं असतं, डोंगर उघडं-बोडकं दिसत न्हाईत. शिखर शिंगणापूर हाय, म्हसवडचा सिद्धनाथ हाय, औंधची यमाई हाय. आन् गोंदवलं हाय. गोंदवलेकर महाराजांच्या समाधीला आजी आल्या न्हाईत का कधी? दुपारचा प्रसाद असतोय, मुक्कामाची सोय पण हुती, आधी फोन करून इचारा म्हंजे झालं.

---

कंदी_पेढा · बुधवार, सकाळी ९.१५

माणदेशी भाऊंना अनुमोदन. आणि औंधचं श्रीभवानी चित्रसंग्रहालय चुकवू नका. भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभं केलेलं. राजा रविवर्म्याची चित्रं आहेत, आणि पुष्कळांना माहीत नसतं, हेन्री मूरचं एक शिल्पही आहे. बाहेर धो-धो पडत असला तरी आत दोन तास कसे गेले कळत नाही. तेरा वर्षांच्या मुलाला आधी एवढंच सांगा, की घराघरांत सूर्यनमस्कार नेण्यासाठी धडपडणारे राजे ते हेच. शाळेत पी.टी.च्या तासाला शिव्या कुणाला घालायच्या ते कळेल.

जाताना वाटेत सागरेश्वरही बसेल, पण अभयारण्यात चिखल असेल. मी असते तर तासगाव–विटा–मायणी असा सरळ वर जाणारा रस्ता धरला असता.

---

चौथा_गिअर · बुधवार, दुपारी १.३०

@चिंब_भिजलेले, राग मानू नका, पण तुमचा प्रतिसाद वाचून कोणीतरी तसं करेल म्हणून लिहितो. घाटात धबधब्याखाली गाडी उभी करणं म्हणजे दरडीखाली गाडी उभी करणं. पाणी जिथून येतं तिथूनच दगड येतात. २२-२३ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिमी पाऊस झाला. त्या दोन दिवसांत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे या गावांवर डोंगर आला. आंबेनळी आणि केळघर, दोन्ही घाट खचले. मी त्या आठवड्यात कोल्हापूरला माल घेऊन गेलो होतो आणि शिरोलीजवळ हायवेवर पंचगंगेचं पाणी आल्यामुळे ट्रकमध्ये तीन रात्री काढल्या. मजा वगैरे काही नव्हती.

ताई, तुमच्या बेतातलं सगळ्यात नाजूक ठिकाण कास नाही, कोयना नाही. सोमवारचा प्रतापगड. तो आंबेनळी घाटातून आहे. पाऊस थांबल्यावर घाट लगेच भरवशाचा होत नाही. दोन-तीन दिवस मुरलेलं पाणी माती सैल करतं आणि दरड बऱ्याचदा उघडीप पडल्यावर येते. त्यामुळे शुक्र-शनि जोरात झाला तर सोमवारी ऊन असलं तरी आंबेनळीत शिरू नका. पाचगणीहून वाईला उतरणारा पसरणी घाट त्या मानाने बरा.

गाडीचं: वायपरची रबरं आजच बदला, दोन-चारशे रुपयांचा प्रश्न आहे. टायरची नक्षी कायद्याने १.६ मिमी लागते, पण पावसात तीनच्या खाली असेल तर मला झोप येत नाही. धुक्यात लाइट खाली ठेवा, वर मारला की समोर पांढरी भिंत उभी राहते. आणि कृपा करून चालत्या गाडीला चारी इंडिकेटर लावू नका. मागच्याला तुम्ही वळताय, थांबलाय की घाबरलाय, काहीच कळत नाही. काच आतून धुरकटली तर एसी चालू करून हवा काचेवर सोडा. फडक्याने पुसत बसू नका, नवऱ्यालाही पुसू देऊ नका.

---

आयर्विन_फूटपट्टी · बुधवार, रात्री ८.०२

उशिरा आलो, माफी. सांगलीकर असून कुणीच विचारलं नाही म्हणून मीच विचारतो: आयर्विन पुलापाशी कृष्णा किती फूट?

आज संध्याकाळी १८ फूट. इशारा पातळी ४०, धोका पातळी ४५. म्हणजे काळजीचं काही नाही. पण जुलै आणि सप्टेंबर यांत एक फरक आहे. जुलैत धरणं रिकामी असतात, पडेल तो पाऊस पोटात घेतात. आता कोयना जवळपास भरलेली आहे. क्षमता १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यात जागाच उरली नाही तर पडेल तेवढं पाणी खाली सोडावं लागतं. पायथा वीजगृहाचे २१०० क्युसेक (सेकंदाला घनफूट) बहुधा चालूच असतात, ते सोडा. सहा वक्राकार दरवाजे किती फुटांनी उचलले ते बघा. आज कोयनेला धो-धो झालं तर त्याचं पाणी सांगलीत लगेच येत नाही, एक-दोन दिवसांनी येतं. तोवर इथे लख्ख ऊन पडलेलं असतं आणि लोक म्हणतात, पाऊस कुठाय, पाणी कसं चढतंय?

ताईंना हे एवढ्यासाठी सांगतोय, की पेठनाका–आष्टा मार्गे परत आलात तर सांगलीवाडीकडून कृष्णा ओलांडूनच गावात यायचंय. विटा–तासगावकडून आलात तर सांगलीजवळ कृष्णा आडवी येतच नाही. हे डोक्यात ठेवा. २०१९ ला आमचे एक पाहुणे कऱ्हाडहून निघाले, सांगलीवाडीला अडकले, आणि समोर दिसणाऱ्या घरी आठ दिवसांनी पोचले. तेव्हा पाणी साडेसत्तावन्न फुटांवर होतं. आत्ता तसलं काही होणार नाही. पण नदीकाठच्या सखल सूर्यवंशी प्लॉटवाल्याला विचारा, तो दर पावसाळ्यात असंच म्हणतो.

---

छत्रीवाला · बुधवार, रात्री ८.१०

म्हणूनच म्हटलं रद्द करा.

---

तेरडा · बुधवार, रात्री ९.४५

कासबद्दल थोडं. मी वनस्पतिशास्त्र शिकवते, दरवर्षी विद्यार्थ्यांना घेऊन जाते.

सोमवारचा सल्ला हवामानाशिवाय आणखी एका कारणाने चांगला आहे. शनिवार-रविवारी पठारावर माणसं जास्त आणि फुलं कमी दिसतात. नोंदणी ऑनलाइन करावी लागते, ती आत्ताच सोमवारची पहिल्या टप्प्याची करून टाका. दुसरं म्हणजे, फुलांना उघडीप लागते. सलग पाऊस आणि धुकं राहिलं की बहर लांबतो, दोन-तीन दिवस ऊन-सावली मिळाली की पठार भराभर रंगतं. तेरड्याचा गुलाबी आणि कवळ्याचा पिवळा लांबूनही दिसेल. मुलं कवळ्याला मिकी माउस म्हणतात, दोन पाकळ्या कानांसारख्या असतात म्हणून. पण सीतेची आसवं शोधायला त्यांना खाली वाकायला लावा. निळं-जांभळं, नखाएवढं फूल. ती कीटकभक्षी आहे, मुळाशी बारीक पिशव्या असतात आणि त्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव अडकतात. खाली कातळ, वर बोटभर माती, अन्न कमी. म्हणून हा उद्योग. नऊ वर्षांच्या मुलाला हे सांगितलं की तो पुढचा तासभर "आई बघ, मांसाहारी फूल!" एवढंच बोलतो. अनुभव आहे.

एक विनंती. फुलांत बसून फोटो नकोत.

---

कोथरूडकर_घाई · बुधवार, रात्री १०.०३

धागा हायजॅक करतोय, सॉरी. आम्ही पुण्याहून शनिवारी येतोय, खंबाटकीत पावसात फार अडकायला होतं का?

---

चौथा_गिअर · बुधवार, रात्री १०.१९

येताना घाट चढावा लागतो, जाताना बोगदा. शनिवारी सकाळी सातच्या आत खंबाटकी पार करा, नाहीतर ट्रकांच्या मागे बसा. बाकी नवीन धागा काढा.

---

भडंगवाली · बुधवार, रात्री ११.३८

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. आज ऑफिसात कामच झालं नाही, दर अर्ध्या तासाने इथे डोकावत होते.

घरी बैठक बसली. नवरा म्हणाला, महाबळेश्वरचे पैसे भरलेत त्याचं काय. फोन लावला. हॉटेलवाले पैसे परत द्यायला तयार नाहीत, पण दिवाळीनंतरच्या तारखेला खोल्या देतो म्हणाले. तेवढ्यावर समाधान. प्रतापगड गेला. कोयनानगरही गेलं.

मग मी सासूबाईंना म्हटलं, शुक्रवारी गोंदवल्याला जाऊ या का? त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "तुमच्या वाटेवर असेल तर." एवढंच. रात्री नवऱ्याकडून कळलं, सासरे होते तेव्हापासून त्यांना जायचंय, दरवेळी काहीतरी निघतं म्हणून त्यांनी बोलणंच सोडलं होतं. माझ्या लग्नाला पंधरा वर्षं झाली आणि मला हे माहीत नव्हतं.

नवा बेत: शुक्रवार सांगली–तासगाव–विटा–मायणी–गोंदवले, मुक्काम. शनिवार दहिवडी–वडूज–औंध–रहिमतपूर–सातारा. रविवार साताऱ्याच्या आसपास, पाऊस बघून. सोमवार सकाळी कास, दुपारी परत. कासची नोंदणी केली. वायपर बदलले.

---

माणदेशी · गुरुवार, सकाळी ६.३०

लई भारी. एकच ध्यानात ठेवा. पोवईनाका काकांनी आकडं सांगितलं ते खरं, पण आमचा पाऊस कमी हाय, गरीब न्हाय. तिकडं घाटात दिवसभर रिपरिप चालती. हितं दुपारपतूर ऊन तापतंय, तीन-चारला काळं ढग येत्यात, अर्ध्या तासात ईज कडाडून ओढं भरून वाहत्यात. परतीच्या पावसात तर जास्तच. तवा दुपारी दोनच्या आत मुक्कामाला पोचायचं. फरशी पुलावर पाणी आसंल तर गाडी घालायची न्हाय, मग फुडचा ट्रॅक्टर गेला तरी. विजेसाठी दामिनी अ‍ॅप घ्या मोबाइलवर.

---

भडंगवाली · शुक्रवार, रात्री ९.१०

गोंदवल्याहून. विट्यापर्यंत ढगाळ, मायणीनंतर चक्क ऊन. मुलांनी गाडीत "आपण पावसाळी सहलीला आलोय ना?" म्हणून डोकं खाल्लं. प्रसादाला पोचलो वेळेत. सासूबाई समाधीपाशी बसल्या त्या दीड तास उठल्या नाहीत. गुडघ्यांचं एकदाही नाव काढलं नाही. बाकी लिहिण्यासारखं काही नाही.

कोयनेला काय चाललंय?

---

आयर्विन_फूटपट्टी · शुक्रवार, रात्री ९.२५

तिकडे झोडपतोय. दरवाजे उचलायची तयारी आहे असं ऐकतो. कोयनानगरला गेला असतात तर आज खोलीच्या खिडकीतून धुकं बघत बसला असतात. आयर्विन १८ च.

---

भडंगवाली · शनिवार, रात्री १०.५०

साताऱ्यात पोचलो. पण साडेपाचला पोचायचं ते साडेआठला. सांगते.

औंध फार आवडलं. संग्रहालयात मोठा रमला, ज्याला मी जबरदस्तीने नेलं होतं. धाकट्याला यमाईच्या डोंगरावरून खालची शेतं बघायची होती. या सगळ्यात निघायला पावणेचार झाले. माणदेशी दादा, तुमचं "दोनच्या आत" मला आठवत होतं. तरी केलं.

रहिमतपूरकडे येताना मोबाइलवरच्या नकाशाने बारा मिनिटं वाचवणारा रस्ता दाखवला. मुख्य रस्ता सोडला. चार-पाच किलोमीटर गेल्यावर आभाळ असं उतरलं की दुपारी साडेचारला लाइट लावावे लागले. वीज, गारवा, आणि मग काचेवर बादलीने ओतल्यासारखा पाऊस. वीसेक मिनिटं कडेला थांबलो. पाऊस सरला, पुढे निघालो, उतारावर वळलो आणि समोर फरशी पूल. त्यावरून गढूळ पाणी. फार नाही, कठड्याचे दगड दिसत होते. नवरा म्हणाला, वीतभरच आहे, हळूहळू काढ. मागून एक मोटरसायकलवाला आला, पाय वर घेऊन निघून गेला. माझा पाय क्लचवर होता, खोटं कशाला बोलू.

अलीकडे एक पत्र्याची टपरी होती. तिथल्या आजोबांनी हात केला. म्हणाले, "बाई, त्यो हितलाच हाय, त्येला खड्डा कुठं हाय म्हाईत हाय. तुला न्हाय. बस, च्या घे. ओढा आलाय तसा जातोय." बसलो. दहा मिनिटांत ते दगड दिसेनासे झाले. म्हणजे पाऊस थांबल्यावर पाणी वाढलं! वरच्या डोंगरावर पडलेलं आत्ता खाली येत होतं. वरून आख्खी बाभळीची फांदी वाहत आली आणि पुलावर आडवी होऊन गरकन फिरून गेली. नवरा काही बोलला नाही. मीही नाही.

दोन तास बसलो. चहा, पारले, सासूबाईंची आणि आजोबांची बाजरीच्या पेरणीवरची चर्चा. आजोबांनी पैसे घेताना तीनच चहांचे घेतले. सातच्या सुमारास पाणी उतरलं, पण चिखल पसरलेला होता म्हणून त्यांनीच आम्हाला मागे फिरवून मुख्य रस्त्याला लावलं. बारा मिनिटं वाचवायला गेले होते!

---

माणदेशी · शनिवार, रात्री ११.०२

ताई, मी आता काय बोलत न्हाय. सुखरूप हाईसा, बास.

---

चौथा_गिअर · शनिवार, रात्री ११.३०

फूटभर वाहतं पाणी लहान गाडी उचलतं. तुमची मोठी आहे म्हणून फार तर थोडं जास्त लागेल. आणि पाण्याखाली फरशी जागेवर आहे की नाही हे वरून कुणालाच दिसत नाही. थांबलात, उत्तम. पावसात जवळचा रस्ता घेऊ नका, नकाशाला फरशी पूल आणि मोठा पूल यांतला फरक कळत नाही.

---

चिंब_भिजलेले · रविवार, सकाळी ८.१२

मानलं. धबधब्याचा प्रतिसाद मागे घेतो.

---

भडंगवाली · रविवार, रात्री ९.४०

आज भुरभुर, मधेच सर. सकाळी लिंबची बारामोटेची विहीर पाहिली. १७१९ ते १७२४ या काळात बांधलेली, आत दगडी महालच आहे. पायऱ्या निसरड्या होत्या, सासूबाई वरूनच कमान बघून गाडीत बसल्या. दुपारी हट्टाने ठोसेघरला गेलो. धबधबा ऐकला. पाहिला नाही. कठड्याला धरून पंधरा मिनिटं पांढऱ्या धुक्याकडे बघत उभे राहिलो आणि त्यातून नुसता घों-घों आवाज. एकदा धुकं अर्धा सेकंद फाटलं, मोठ्याने फोटो काढला, त्यात फक्त त्याच्या बाबांची छत्री आहे. चाळकेवाडीला गेलोच नाही. पवनचक्क्या तिथे आहेत यावर विश्वास ठेवला.

उद्या कासला चढायचा यवतेश्वर घाट कसा असेल? कुणी गेलंय का आज?

---

पोवईनाका · रविवार, रात्री १०.०५

भाचा संध्याकाळी उतरला. एका वळणावर मुरूम आलाय, पण वाहतूक चालू आहे. पहाटे धुकं असणारच. साडेसहाला निघा, घाईने चढू नका, हॉर्न द्या. खाली येताना दुसरा गिअर. ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका. आणि पेढे मोती चौकातून आज रात्रीच घ्या, उद्या परतताना गावात शिरायचा कंटाळा कराल.

---

भडंगवाली · सोमवार, रात्री ११.१५

पोचलो घरी.

कासला साडेसातला होतो. धुकं इतकं, की तिकिटावरचं नाव वाचायला जवळ धरावं लागलं. मला रडू यायचं बाकी होतं. तेरडाताईंचं आठवून मुलांना खाली वाकवलं. सीतेची आसवं सापडली, दवाने भरलेली, आणि अगदी तुम्ही म्हणालात तेच वाक्य धाकट्याच्या तोंडून बाहेर पडलं. सव्वानऊला वारा फिरला. धुकं तळ्याच्या बाजूने गुंडाळत गेलं आणि चाळीस मिनिटं ऊन पडलं. मी वर्णन करत नाही, मला जमणार नाही. सासूबाईंना पठारावर फार चालता येत नव्हतं, म्हणून त्यांच्यासाठी रस्त्याकडेला खुर्ची टाकली होती. त्यांच्यासमोरच तेरड्याचा आख्खा गालिचा होता. आम्ही तासभर चालून जे पाहिलं ते त्यांनी बसून पाहिलं. पुन्हा धुकं आलं, आम्ही उतरलो.

परत हायवेनेच आलो. कऱ्हाडला जेवलो, प्रीतिसंगमावर पाच मिनिटं थांबलो, पाणी पायऱ्यांवर चढलेलं होतं. पेठनाका ते सांगली नेहमीसारखंच, कंबर हलली. फूटपट्टी दादा, पुलावरून येताना मुलांनी तुमच्या नावाने खाली वाकून बघितलं. किती होतं?

दिवाळीनंतर महाबळेश्वर आहे. सासूबाईंनी गाडीतून उतरताना विचारलं, तिथून शिंगणापूर किती लांब पडतं. दहिवडीहून जवळ होतं म्हणे, त्यांनी तेव्हा सांगितलं नाही. त्यासाठी वेगळा धागा काढते.

---

आयर्विन_फूटपट्टी · मंगळवार, सकाळी ७.०५

काल संध्याकाळी २३ फूट ४ इंच. आज सकाळी २२. उतरतंय.